झबलं भिंतीवर कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बाळाच्या आठवणी कशा जपाव्यात यावर एक लेख आला होता. बाळाचं पहिलं झबलं, टोपडं, मोजे, दवाखान्यात हाताला बांधलेली पट्टी हे सगळं काचेच्या चौकटीत बसवून भिंतीवर लावायची आता पद्धत पडली आहे, आणि तशा फ्रेम करून देणारेही झाले आहेत, असं त्यात लिहिलं होतं. सोबत फोटो होता. फोटोतला स्वेटर मी भिंग घेऊन पाहिला. बारीक लोकर, बाराच्या सुया, छातीवर पानांची जाळी, गळ्याला क्रोशाची किनार. चांगल्या हाताचं काम. पण एक टाका ताणलेला नाही, बाहीला गोळे आलेले नाहीत, गळ्याशी दुधाचा डाग नाही. म्हणजे पोराच्या अंगाला तो फोटोपुरताच लागला असणार. जिनं विणला तिनं तो भिंतीसाठी विणला नव्हता, एवढं मी छातीठोकपणे सांगते.

मी मुंबईत टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होते. निवृत्तीनंतर माहेरगावी, नाशिकला आले. विणते मात्र नोकरीच्या कितीतरी आधीपासून. आमच्या गोतावळ्यात कुणाकडे बाळ येणार असेल तर ते नणंदा-जावांच्या आधी माझ्या कानावर येतं, कारण नऊ महिने म्हणता म्हणता जातात आणि माझ्याकडे नंबर लागलेले असतात. मुलगा की मुलगी हे कुणी सांगत नाही. १९९४ च्या कायद्यानं ते विचारायलाच बंदी आहे आणि ते उत्तम आहे. पिवळा, पिस्ता, पांढरा. झालं.

तर मुद्दा असा, की आपल्याकडे बाळाचे कपडे जपून ठेवायची रीत कधी नव्हतीच. नवं कोरं कापड तान्ह्या बाळाच्या अंगाला लावतच नसत. नव्या कापडाला खळ असते, ती कोवळ्या कातडीला टोचते. म्हणून पहिलं झबलं आजोबांच्या जुन्या धोतराचं, नाहीतर आजीच्या विरलेल्या लुगड्याचं. दुपटी जुन्या नऊवारीची. गोधडीत तर अख्ख्या घराचे कपडे. खण, रेशीम, गोटा असा थाट फक्त कुंचीला, कारण ती बारशाला चारचौघांत मिरवायची असे. बाकी बाळंतविड्यातलं सगळं धुऊन धुऊन विटायचं आणि पुढच्या बाळंतिणीच्या घरी जायचं. ‘हे तुझ्या मामाच्या अंगावरचं बरं का,’ असं म्हणत ते तुमच्या डोक्यातून घातलं जायचं. मामाची आठवण काढायला वेगळं काही करावं लागत नव्हतं.

लोकरीचं तर त्याहून पुढचं. आमच्या वडिलांचा एक राखी रंगाचा, बिनबाह्यांचा स्वेटर होता. लोकर कानपूरच्या लाल इमलीची. ती गिरणी १८७६ सालची, इंग्रजांच्या फौजेला ब्लँकेटं पुरवण्यासाठी निघालेली, आणि आमच्या लहानपणी तिच्या लोकरीचा भलता दबदबा होता. त्या स्वेटरला पोटाशी कसर लागली. आईनं तो टाकला नाही, उसवला.

उसवणं हे विणण्याहून जोखमीचं काम आहे. आधी बगलेची शिवण कात्रीच्या नुसत्या टोकानं कापायची. शिवणीऐवजी चुकून टाका कापला गेला, तर पुढे सगळे तुकडेच हाती येतात. मग खांद्यावर जिथं टाके बंद केलेले असतात ते टोक शोधायचं. ते सापडून एकदा सुटलं, की टर्र टर्र करत ओळीमागून ओळ मोकळी होत जाते. मी समोर गुडघे उंच करून बसायची आणि आई ती लोकर माझ्या गुडघ्यांभोवती गुंडाळत जायची. उसवलेली लोकर मॅगीसारखी कुरळी असते. (तेव्हा मॅगी नव्हती, पण आता दुसरी उपमा सुचत नाही.) त्या लडीला चार ठिकाणी सैल दोरे बांधायचे, रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवायची, न पिळता पंचात दाबायची, वलणीवर टांगायची आणि खाली अर्धा भरलेला पितळी तांब्या अडकवायचा. त्या वजनानं वाळता वाळता धागा सरळ होतो. कसरीनं खाल्लेल्या जागी तुटलेले धागे आई गाठी न मारता जोडायची. दोन्ही टोकं उकलून एकमेकांत घालायची, पाण्याचं बोट लावायचं आणि तळहातांवर घासायची. खरी लोकर अशी आपसूक एकजीव होते. जोड कुठं होता ते मागून आईलाही सापडायचं नाही.

त्या लोकरीतून थोरल्या भावाचा स्वेटर झाला. तो उंच होत गेला तशी खाली लाल पट्टी आली, कारण राखी संपली. भावाला अगदीच तोकडा झाला तेव्हा तो उसवून माझा केला. माझाही उसवून धाकट्याच्या वेळी लाल आणि राखी आडव्या पट्ट्यांचा बाळसेट झाला, स्वेटर, टोपडं आणि मोजे. त्यातूनही उरलं त्याचे चौकोन विणले, ते आजही माझ्या पांघरुणात आहेत. वडिलांचा स्वेटर वडिलांचा म्हणून ट्रंकेत ठेवला असता, तर कसरीनं पुरता खाल्ला असता.

धाकटा तान्हा असतानाच १९६२ चं युद्ध झालं. बर्फात आपले जवान अपुऱ्या कपड्यांनिशी उभे आहेत हे कळल्यावर देशभर बायकांनी सुया हातात घेतल्या. आमच्या शाळेतही हिरवी, लष्करी रंगाची लोकर आली. बाई आणि वरच्या वर्गातल्या मुली स्वेटर विणायच्या. आम्हा लहानांना मफलर दिले, म्हणजे सरळ पट्टी, सगळे टाके सुलट, बिघडण्यासारखं त्यात काही नाही. यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले ते तेव्हाच. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं जो तो म्हणत होता, आणि पुढच्याच वर्षी ते आमच्या नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर निवडून गेले. मोठ्यांच्या तोंडी हे विषय. आमच्या तोंडी, तुझा मफलर किती वीत झाला. आई घरी स्वेटर विणायची आणि उरलेली लोकर तराजूत तोलून परत करायची. घरात तान्हं पोर, बाहेर नाशिकची डिसेंबरची थंडी, पण त्यातला वीतभर धागा तिनं घरात राहू दिला नाही.

माझा मफलर कुणाच्या गळ्यात गेला ते मला कधी कळलं नाही. कळायची सोयही नव्हती. आज माझ्याजवळ त्याचा फोटोसुद्धा नाही. तरी आयुष्यभर जे जे विणलं त्यात टाका न् टाका डोळ्यांपुढे दिसतो तो त्या मफलरचाच. फ्रेमवाल्यांनी याचं काय ते उत्तर द्यावं.

आता मुंबईची गोष्ट. डोंबिवलीहून व्ही. टी.ला जाणाऱ्या गाडीत बायकांच्या डब्यात भाजी निवडणं, भजनं, हळदीकुंकू सगळं व्हायचं, आणि दिवाळीनंतर विणकाम हमखास. उभ्या बायकासुद्धा कोपर खांबाला टेकवून विणायच्या. आमच्या घोळक्यातली एक बँकेत होती. तिला सातवा लागल्यावर ठरलं, की सेट सगळ्यांनी मिळून विणायचा. मागचा भाग एकीकडे, पुढचे दोन दुसरीकडे, बाह्या दोघींत वाटून, टोपडं माझ्याकडे. डावी बाही घेतली ती केरळची नर्स. तिचा हात घट्ट. उजवी घेतली ती ठाण्याला चढणारी शिक्षिका, तिचा हात सैल. लोकर एक, सुया एकाच नंबरच्या, टाके आणि ओळी मोजून सारख्या. तरी जोडायला घेतलं तर उजवी बाही चांगली दोन बोटं लांब! कुणाची बाही उसवायची यावर कल्याणपर्यंत आवाज जाईल असं भांडण झालं, आणि शेवटी कुणाचीच न उसवता आम्ही ती तशीच जोडली. त्या मुलाच्या पहिल्या हिवाळ्यातल्या सगळ्या फोटोंत डावा पंजा बाहेर आणि उजवा बाहीत गुडूप. आता तो चाळिशीचा आहे, परदेशी असतो. त्याची आई फोनवर मला अजून विचारते, ‘ती उजव्या बाहीवाली कुठं असते गं सध्या?’

हात म्हणजे काय हे न विणणाऱ्यांसाठी सांगते. धागा बोटांवरून किती ओढून धरायचा हे प्रत्येकीचं आपापलं असतं, आणि ते सहसा बदलत नाही. रागात असलं तर हात घट्ट होतो, गप्पांत सैल पडतो. माझ्या आईनं विणलेल्या एका टोपड्यात मधल्या चार ओळी आवळलेल्या आहेत. त्या ओळी विणताना ती कुणावर चिडली होती हे आम्हा भावंडांना माहीत आहे. छापण्यासारखं नाही.

जपून ठेवण्याबद्दल दोन गोष्टी मात्र गंभीरपणे सांगायच्या आहेत, कारण आपल्या लेखात त्या नव्हत्या. लोकरीत डांबराच्या गोळ्या घालून ठेवायची आपल्या घराघरांत सवय आहे. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं. अशा बाळाला डांबरगोळ्यांत राहिलेले कपडे घातले, तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ जिवावर बेतू शकते. आपल्या बाळाला ही उणीव आहे की नाही हे बहुतेकांना आधी ठाऊकच नसतं. तेव्हा ट्रंकेतून पणजीच्या हातचा स्वेटर काढला आणि कौतुकानं बारशाला घातला, असं कृपा करून करू नका. धुवा, कडक उन्हात पुन्हा पुन्हा घाला, आणि एवढं करूनही वास येत असेल तर राहू द्या. माझ्याकडे लोकरीत वेखंडाचे तुकडे आणि वाळलेला कडुलिंब असतो. त्यानं कसर अजिबात लागत नाही असा माझा दावा नाही. पण मुळात माझ्याकडे काही फार दिवस राहतच नाही.

दुसरी गोष्ट शेगडीची. हल्ली दुकानात लोकर म्हणून जे मिळतं ते बहुतेक अ‍ॅक्रिलिक असतं. मी त्याला नावं ठेवत नाही. टोचत नाही, मशीनमध्ये धुता येतं, कसर लागत नाही, खिशाला परवडतं. मीही तेच विणते. पण खरी लोकर सहसा पेट घेत नाही, ठिणगी पडली तर तेवढ्यापुरती करपते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि कातडीला चिकटून बसतं. आपल्याकडे अजून न्हाणं झाल्यावर बाळाला शेक देतात, ओव्याची धुरी देतात. ती द्यावी की नाही हे डॉक्टरांना विचारा, तो माझा प्रांत नव्हे. पण निखाऱ्याजवळ पोर न्यायचंच असेल तर त्याच्या अंगावर सुती असू द्या, माझा स्वेटर नको. शिवाय अ‍ॅक्रिलिकवर इस्त्रीची वाफ मारू नका. एकदा लुळं पडलं की ते परत ताठ होत नाही. आईचा तांब्या त्याला चालतो, वाफ चालत नाही.

काळी लोकर बाळासाठी वर्षातून एकदाच मागतात, संक्रांतीच्या आधी, बोरन्हाणाला. काळ्या लोकरीवर टाके दिसत नाहीत. दिवसाउजेडी, मांडीवर पांढरा पंचा पसरून विणावं लागतं, आणि माझ्या वयाच्या बाईकडून लोक ते डिसेंबरच्या पंचवीस तारखेला मागतात! असो. ही काळी झबली घराण्यात फिरत असतात. मागे एक माझ्याकडे उसवण दुरुस्त करायला आलं, तर त्याच्या काखेच्या जाळीत हलव्याचा एक काटेरी दाणा अडकलेला. कुठल्या संक्रांतीचा आणि कुणाच्या बोरन्हाणाचा यावर घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसभर वाद चालला. चार आयांनी आपापल्या पोराचं नाव पुढे केलं.

माझ्या भाचेसुनेला आठव्या महिन्यातच मुलगी झाली. वजन दीड किलोच्या आसपास. तिथल्या डॉक्टरांनी कांगारू पद्धत सांगितली. बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे घालून आईच्या उघड्या छातीवर उभं धरून ठेवायचं, वरून दोघींना मिळून कापड गुंडाळायचं, आणि असं तासन् तास. आई दमली की बापानं घ्यायचं, आजीनंही घेतलं तरी चालतं. ही पद्धत कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमाराला सुरू झाली, कारण तिथल्या दवाखान्यात काचेच्या पेट्या कमी पडत होत्या. आज जागतिक आरोग्य संघटना अडीच किलोच्या आतल्या सगळ्याच बाळांसाठी ती सांगते, पेट्या असल्या तरीही. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं, आणि उब तिथून भराभर निघून जाते. म्हणून टोपी.

आणि बाजारातली सर्वात लहान टोपी त्या पोरीच्या हनुवटीखाली येत होती. सिस्टरनी फोनवर मला काय हवं ते सांगितलं. सुती किंवा अगदी मऊ धागा, फिकट रंग, गोंडा नको, बटण नको, बांधायच्या नाड्या तर मुळीच नकोत, आणि आतल्या बाजूला धाग्याचं एकही टोक सुटं नको. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. हातमोज्या-पायमोज्यांत आतून लोंबणारा धागा बाळाच्या बोटाभोवती आवळला जातो, बोट सुजतं, आणि बाळ का रडतंय हे कुणाला कळत नाही. कुणी कितीही प्रेमानं विणून दिलं असलं, तरी मोजा घालण्याआधी उलटा करून बघा. त्यात विणणारीचा अपमान नाही.

ती टोपी मी त्याच दुपारी विणली. माझ्या मुठीवर बसेल एवढी. धुऊन, पंख्याखाली वाळवून संध्याकाळी पोचती केली. पोरगी आता बालवाडीत जाते आणि खाली बसून जेवत नाही, एवढंच तिचं दुखणं. टोपी तिच्या आईजवळ आहे. इतकं सगळं लिहून झाल्यावर कबूल करते, की ती तिनं फ्रेम केली तरी मी तोंडातून अवाक्षर काढणार नाही. दिवसरात्र ती टोपी नाकाखाली घेऊन बसलेल्या बाईला मी काय शिकवणार? पण तेव्हापासून माझ्या सुयांवर मधूनमधून त्या मापाच्या टोप्या असतात, त्या वॉर्डात जातात, आणि पुढे कुणाच्या डोक्यावर बसतात ते मी विचारत नाही. हल्ली काही मैत्रिणी इंटरनेटवर बघून क्रोशाचे ऑक्टोपस करतात. डेन्मार्कमध्ये २०१३ साली हे खूळ सुरू झालं. बाळ त्याचे पाय नाळेसारखे धरून ठेवतं म्हणे. दिसतात गोड. पण सिस्टरना विचारल्याशिवाय असलं काही घेऊन जाऊ नका. आधी टोप्या करा.

पैशांबद्दल थोडकं. आमच्या ओळखीच्या बायका महिला बचत गटाच्या प्रदर्शनात बाळसेट मांडतात. लोक येतात, हात लावतात, ‘आमची आजी असंच करायची हो’ म्हणून डोळ्यांत पाणी आणतात, आणि मग म्हणतात, ऑनलाइन दोनशेला मिळतो. सुयांवरच्या विणकामाची मशीन असते, तिथं दोनशे एक वेळ समजू शकते. पण खरं क्रोशाचं काम आजही मशीनवर होत नाही. एका वेळी एकच साखळी, एकच खांब, आणि तो माणसाच्या हातानंच. तेव्हा दोनशेला मिळालेली क्रोशाची टोपीही कुठल्यातरी बाईच्याच हातची असते. तिला त्यातले किती मिळाले असतील याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा. त्या आजीच्या आठवणीनं आलेलं डोळ्यांतलं पाणी पुसून झाल्यावर केला तरी चालेल.

आता माझी मागणी. पूर्वी थंडीच्या दिवसांत बायकांच्या मासिकांत विणकामाच्या कृती यायच्या. आम्ही त्या कापून वहीत चिकटवायचो. रेशनच्या रांगेत पाठ व्हायच्या. आपल्या पुरवणीत तशी चार बोटांची जागा नोव्हेंबर ते जानेवारी मिळावी. यूट्यूबवर सगळं आहे हे मला माहीत आहे, नातवंडं तेच ऐकवतात. पण दोन्ही हात सुयांत गुंतलेले असताना व्हिडिओ थांबवायला तिसरा हात कुठून आणायचा? कागद मांडीवर पडून राहतो. निफाडचा पारा किती उतरला हे तुम्ही दर हिवाळ्यात पहिल्या पानावर छापता. त्याच्या मागच्या पानावर एक टोपी छापायला काय हरकत आहे?

सुरुवात म्हणून माझीच कृती देते. पूर्ण दिवसांच्या बाळाची टोपी. मऊ चारपदरी धागा २५ ग्रॅम पुरे, सुया १० नंबरच्या. ८८ टाके घालावेत. दोन सुलट, दोन उलट अशी बॉर्डर दीड इंच विणावी. पुढे एक ओळ सुलट, एक ओळ उलट, असं सुरुवातीपासून चार इंच होईपर्यंत. उलट ओळीवर थांबावं. मग घट सुरू. ९ सुलट, २ एकत्र, असं ओळभर आठ वेळा. ८० टाके राहतील. परतीची ओळ उलट. पुढच्या सुलट ओळीत ८ सुलट, २ एकत्र, ७२ राहतील. अशी दर सुलट ओळीत मधली संख्या एकेकानं कमी करत जावी, दर वेळी आठ टाके घटतात. सुईवर १६ उरले की दोन-दोन एकत्र विणून ८ करावेत. हातभर धागा ठेवून कापावा, आठही टाक्यांतून ओवून घट्ट ओढावा आणि त्याच धाग्यानं मागची शिवण घालावी. टोकं आतून चांगली मागेपुढे ओवून मगच कापावीत. कमी दिवसांच्या बाळासाठी ७२ टाके घालावेत, तीन इंचांवर घट सुरू करावी आणि ‘७ सुलट, २ एकत्र’ इथून धरावं. गोंडा लावू नये, कितीही मोह झाला तरी.

जागा कमी पडली तर वरचं माझं पुराण खुशाल कापा. टाक्यांचे आकडे तेवढे मुद्रितशोधकांकडून दोनदा तपासून घ्या. ८८ च्या जागी ८३ छापलं गेलं तर घट जुळणार नाही, आणि नाव छापलं नाही तरी आख्खं नाशिक फोन मलाच करेल.

आपली,
एक निवृत्त ट्रंक ऑपरेटर, नाशिक
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती. भाचेसून आपलंच वृत्तपत्र वाचते.)